बालमधुमेह, त्याची औषधे आणि कामगाराचे घर



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, ती विद्वानांनी बोलावे व लोकांनी ऐकावे म्हणून. आज वसईच्या या मांडवात चालकांनी आम्हांला उभे केले आहे, तेव्हा त्या प्रथेत थोडी कसर पडणार हे उघड आहे. आमची शाळा सातवीत सुटली. वालीवच्या एका गाळ्यात हेल्पर म्हणून लागलो, तेथून युनियनच्या कामात आलो, आणि इंग्रजी जे काही येते ते औद्योगिक न्यायालयाचे निवाडे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता वाचता आले. त्याच शब्दकोशाच्या आधाराने गेली काही वर्षे आम्ही औषधांविषयी वाचत आहो. समोर दोन-तीन डॉक्टर बसलेले दिसतात. आमचे कोठे चुकले तर त्यांनी येथेच उभे राहून सांगावे; मालकांशी वाटाघाटी करून करून आमची कातडी जाड झालेली आहे.

कामगारांच्या माणसाने औषधांवर का बोलावे, हे आधी सांगितले पाहिजे. गोखिवऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर आमचा एक सभासद होता. वय सत्तावीस, राहणार नालासोपाऱ्यात, चाळीत. एका रात्रपाळीला पहाटे तीनच्या सुमारास तो असंबद्ध बोलू लागला, अंग घामाने भिजले, आणि सावरायला आलेल्या फोरमनच्या अंगावर त्याने हात उगारला. फोरमनने शेरा मारला, ‘दारू पिऊन कामावर’. आरोपपत्र मिळाले. सकाळी तो कचेरीत आला. आणि येथे आमचे पाप आहे. आम्ही त्याला एक अक्षर न विचारता झाडला. ‘अरे, प्रेसवर बसतोस आणि पितोस? उद्या तुझी नाही तर शेजाऱ्याची बोटे जातील!’ तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि गेला.

दोन दिवसांनी त्याची बायको आली. हातात स्टीलचा लहान डबा. आत इन्सुलिनची बाटली आणि सुई. म्हणाली, ‘भाऊ, ह्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. दहाव्या वर्षापासून घेतात. कळलं तर कामावर ठेवणार नाहीत म्हणून कारखान्याच्या संडासात जाऊन टोचून घेतात. त्या रात्री जेवणाची सुट्टी उशिरा झाली.’

रक्तातील साखर एकाएकी उतरली म्हणजे माणूस दारू प्यायल्यासारखाच दिसतो. हे आम्हांला त्या दिवशी कळले, वयाची पंचेचाळीस वर्षे उलटल्यावर. पुढे आरोपपत्र मागे घ्यायला लावले, प्रेसवरून त्याला तपासणीच्या मेजावर हलविले, आणि प्रत्येक पाळीत ठरलेल्या वेळी दहा मिनिटे खाण्यासाठी मिळविली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीची मागणी होती. दहा मिनिटांसाठी आम्हांला चार बैठका लागल्या. पण लोखंड्यांचे नाव घेऊन बसलो होतो, मिळाल्याशिवाय उठलो नाही.

गोष्ट येथे संपली असती तर आज आम्ही बोनसवर बोललो असतो. पण त्या वाटाघाटींसाठी डॉक्टरचा दाखला लागला, दाखल्यासाठी रक्त-लघवी तपासली, आणि निघाले असे की त्याच्या मूत्रपिंडांची अर्ध्याहून अधिक ताकद गेलेली आहे. सतरा वर्षे तो इन्सुलिन टोचून घेत होता. सतरा वर्षांत त्याच्या लघवीत अल्ब्युमिन उतरते की काय, हे एकदाही कोणी पाहिले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते, कारण विचारायचे असते हे त्याला माहीत नव्हते.

तेव्हा आजचा विषय हा आहे: इन्सुलिन तर घ्यायचेच, पण मूत्रपिंड, डोळे, पाय आणि हृदय वाचविण्यासाठी दुसरी कोणती औषधे आहेत, कोणती नाहीत, आणि ती आमच्या माणसापर्यंत का पोचत नाहीत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मधुमेह म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ येतो. तो दुसरा प्रकार. आम्ही बोलतो तो पहिला प्रकार, ज्याला लोक बालमधुमेह म्हणतात, जरी तो मोठेपणीही होतो. त्यात शरीराची रोगांशी लढणारी फौजच उलटते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्याने हे होत नाही, आईच्या दुर्लक्षाने होत नाही. आमच्या वसईत केळी पिकतात, सुकेळी घरोघर खाल्ली जातात. म्हणून एका आजीने नातीच्या आजाराचे खापर स्वतःवर फोडून घेतलेले आम्ही पाहिले आहे. त्या माउलीचा काडीइतका दोष नव्हता. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाच्या २०२१ च्या आकडेवारीत भारतातील वीस वर्षांखालील अशा मुलांची संख्या सव्वादोन लाखांच्या वर दिली आहे, आणि ती जगात सर्वांत मोठी आहे.

या मुलांना इन्सुलिन मिळाले नाही तर रक्तात आम्ल साचते आणि काही दिवसांत ती दगावतात. येथे काढे चालत नाहीत, शेजारच्या काकांच्या गोळ्या चालत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले. पहिली मात्रा फसली. कॉलिप नावाच्या रसायनज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला, आणि मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बँटिंगच्या या मंडळींनी शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. आज जगातील इन्सुलिनचा बहुतेक बाजार तीन कंपन्यांच्या मुठीत आहे. एका डॉलरपासून येथवरचा प्रवास कोणी सविस्तर लिहिला तर आमच्या अभ्यासवर्गात ते पुस्तक आम्ही सक्तीचे करू. आपल्याकडे मुंबईच्या वोखार्टने २००३ मध्ये व बंगळूरच्या बायोकॉनने २००४ मध्ये मानवी इन्सुलिन देशात बनवून विकायला आणले आणि ते सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, एवढा दिलासा.

आता उपद्रवांकडे. उपद्रव टाळणारे पहिले औषध कोणते, असे विचाराल तर ते इन्सुलिनच. पण नीट, मोजून-मापून दिलेले. हे सिद्ध व्हायला १९९३ साल उजाडले. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे प्रयोग चालला. निम्म्यांना त्या काळची नेहमीची पद्धत, दिवसाला एक-दोन सुया. निम्म्यांना दिवसाला तीन किंवा अधिक सुया अथवा पंप, आणि वारंवार रक्ताची तपासणी. दुसऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा सुमारे निम्म्याने घटला. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी पहिल्या वर्षांत जपलेल्यांचा फायदा पुढे कित्येक वर्षे टिकला. २००५ साली दिसले की त्यांच्यात हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे आजारही ४२ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे शरीर जुना हिशेब विसरत नाही. चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

पण याच प्रयोगाची दुसरी बाजू कारखान्यातील माणसाने ध्यानात ठेवावी. ज्यांची साखर घट्ट आवळली त्यांच्यात साखर एकदम उतरण्याचे गंभीर प्रसंग तिप्पट झाले. विरार गाडीत दोन्ही हात वर अडकलेले असताना हा प्रसंग आला तर खिशातील ग्लुकोजची पुडी काढायची कशी? पाळी दर आठवड्याला बदलते, जेवणाची वेळ मुकादमाच्या मर्जीवर, आणि डॉक्टर सांगतात वेळच्या वेळी खा! डॉक्टरांचे चुकत नाही. पण ती दहा मिनिटे औषधाच्या चिठ्ठीवर मिळत नाहीत. ती करारात लिहून घ्यावी लागतात.

इन्सुलिन ठेवायचे कोठे, हाही प्रश्न चाळीत मोठा आहे. फ्रिज नाही, मे महिन्यात पत्रा तापतो. अशा घरी एका मडक्यात दुसरे लहान मडके, मधे ओली वाळू, वर ओले फडके, आणि सावली, असे केले तर बाटली बरीच थंड राहते. हा उपाय अभ्यासकांनी तापमान मोजून पाहिलेला आहे. बर्फाला मात्र बाटली टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन फुकट जाते.

आता मूत्रपिंडाची गोष्ट. ती आम्ही जरा सविस्तर सांगणार, कारण तिच्यात एक साप आहे. ब्राझीलमध्ये एक विषारी फुरशासारखा साप आहे, जराराका त्याचे नाव. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने त्या विषाचा अभ्यास केला. त्यातून पुढे कॅप्टोप्रिल नावाची रक्तदाबाची गोळी तयार झाली. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या असतात. मधुमेहात त्या चाळण्यांवर आतून दाब वाढतो, भोके सैल होतात आणि रक्तातील अल्ब्युमिन लघवीत गळू लागते. ही गोळी नेमका तो दाब उतरवते. १९९३ सालीच पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या, लघवीतून प्रथिने जाणाऱ्या ४०९ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलणे या तिन्हींचा मिळून धोका निम्म्यावर आला. निम्म्यावर! आणि ही आजची नवलाई नव्हे, तीन दशकांपूर्वीची गोष्ट आहे. आमचा प्रेसवाला त्या वेळी जेमतेम जन्मला होता.

आज त्याच कुळातल्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या आहेत. कोणाला त्यांनी कोरडा खोकला लागतो, त्यांच्यासाठी लोसार्टन, टेल्मिसार्टन हे चुलतभाऊ आहेत. या गोळ्या जुन्या आहेत, जनऔषधीच्या दुकानांत स्वस्त मिळतात. मात्र तीन पथ्ये. सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. गर्भवतीने त्या घेऊ नयेत, पोटातल्या बाळाला अपाय होतो; म्हणून लग्न झालेल्या मुलीला हे स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे काम आहे. आणि तिसरे असे की ज्याच्या लघवीत अल्ब्युमिन नाही आणि रक्तदाबही ठीक आहे, त्याने आधीच खबरदारी म्हणून गोळी घेतली तर मूत्रपिंडाला लाभ होत नाही. २००९ साली २८५ रुग्णांवरील प्रयोगात हे दिसले. (डोळ्यांना त्यात थोडा फायदा दिसला, पण तेवढ्यासाठी सर्वांनी गोळी घ्यावी असे कोणी म्हणत नाही.) म्हणून सगळे घोडे लघवीच्या तपासणीपाशी येऊन अडते. आजार होऊन पाच वर्षे झाली की दरसाल एकदा लघवीतील अल्ब्युमिन पाहावे, असा नियम आहे. चाचणी लहान, खर्च लहान. ती केलीच नाही तर ब्राझीलचा साप आमच्या काय कामाचा?

जाता जाता एक. आमच्या गाळ्यांमध्ये पाठ दुखली, गुडघा दुखला की माणूस पानाच्या टपरीवरून गोळी आणावी तशी दुखण्यावरची गोळी आणतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडाला मारक आहेत. प्रेसवाल्यानेही त्या मूठमूठ खाल्ल्या होत्या. त्याचे किती नुकसान साखरेने झाले आणि किती या गोळ्यांनी, ते आता कोणी सांगू शकत नाही.

हृदयासाठी स्टॅटिन. हे औषध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ साली तांदळावरच्या एका बुरशीतून काढले. ते २०२४ साली वारले. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारी ही गोळी मधुमेही माणसाला साधारण चाळिशीनंतर, आणि मूत्रपिंड बिघडले असेल तर त्याआधीही, डॉक्टर देतात. लोक हिला भितात, कोणी तरी सांगितलेले असते की स्नायू झिजतात. स्नायू दुखणे होते काहींना. तेव्हा डॉक्टरांकडे जावे, परस्पर बंद करू नये. हिलाही गर्भारपणात मनाई आहे.

डोळ्यांच्या बाबतीत वाईट गोष्ट अशी की दृष्टिपटल खराब होत असताना दुखत नाही, आणि बराच काळ दिसतेही चांगले. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी. वेळेवर सापडले तर लेसर आहे, डोळ्यात टोचायची इंजेक्शने आहेत. फेनोफायब्रेट ही चरबीवरची जुनी गोळी डोळ्यांचा विकार पुढे सरकण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी करते, असे स्कॉटलंडमधील १,१५१ रुग्णांवरील प्रयोगात २०२४ साली दिसले. त्यांत बहुतेक दुसऱ्या प्रकारचे होते, पहिल्या प्रकारचेही काही होते. आशा धरावी अशी गोष्ट आहे.

मज्जातंतूंसाठी सांगण्यासारखे थोडे. पायांची आग थांबविणाऱ्या गोळ्या आहेत, अमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन; त्या वेदना कमी करतात, गेलेला मज्जातंतू परत आणीत नाहीत. तेथे औषधापेक्षा पायातला जोडा महत्त्वाचा. मिठागरात अनवाणी उतरणाऱ्याला आणि पाचूबंदरच्या वाळूत दुपारी चालणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको; पायाला कळतच नाही, हीच तर खोड आहे.

आता जी औषधे उपयोगी पडली नाहीत, त्यांविषयी. कारण चळवळीत आम्ही हे शिकलो की हरलेल्या संपाचाही इतिहास लिहावा. युरिक आम्ल उतरविणाऱ्या अॅलोप्युरिनॉलने मूत्रपिंड वाचेल अशी आशा होती. २०२० साली निकाल लागला, वाचत नाही. मेटफॉर्मिनने पहिल्या प्रकारात साखर टिकाऊ सुधारत नाही, हे २०१७ मध्ये दिसले; वजन थोडे घटते, इतकेच. आणि सर्वांत जपून बोलावे अशा त्या ‘फ्लोझिन’ गोळ्या. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात त्या हृदय व मूत्रपिंड दोन्ही राखतात, ही गोष्ट खरी. डापाग्लिफ्लोझिनचे आणि २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे एकस्व भारतात संपले, किंमत कोसळली, त्यामुळे आता त्या घरोघर पोचल्या. पण पहिल्या प्रकारच्या माणसाने ही गोळी घेतली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचते. यंत्रावर आकडा ठीक दिसतो आणि माणूस मात्र ओकाऱ्या करीत बेशुद्ध होतो. युरोपात डापाग्लिफ्लोझिनला पहिल्या प्रकारासाठी २०१९ साली परवानगी मिळाली होती, २०२१ मध्ये ती काढून घेतली गेली. तेव्हा वडील दुसऱ्या प्रकारचे आणि मुलगा पहिल्या प्रकारचा असे घर असेल, तर दोघांच्या गोळ्यांचे डबे वेगळे ठेवा. हे सांगायला वाटते क्षुल्लक. पण नाव एकच, ‘शुगरची गोळी’, आणि म्हणूनच भीती.

हे सगळे उपलब्ध असून आमचा माणूस कोरडा का राहतो? याचे उत्तर आम्हांला कायद्यात सापडते. राज्य विमा योजना १९५२ पासून चालू आहे, कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार देते. पण २०१७ साली तिची पगाराची मर्यादा २१,००० रुपये ठरली. ओव्हरटाइम धरत नाहीत हे बरे. तरी चार वर्षांच्या करारात पगारवाढ मिळवावी आणि त्या वाढीनेच सभासद विम्याबाहेर फेकला जावा, असा प्रकार आम्ही स्वतःच्या सहीने केलेला आहे. शिवाय मुलगा शिकत असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंतच विम्यात. एकविसाव्या वर्षी बालमधुमेह बरा होतो असे कोणत्या वैद्यकात लिहिले आहे? २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार मोजले. थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आला, सिकलसेल आला, आणि ते योग्यच झाले. बालमधुमेह आला नाही. आणि राज्याच्या महात्मा फुले योजनेत डायलिसिसला पैसे मिळतात. मिळाले पाहिजेत, त्यावर कित्येक घरे उभी आहेत. पण डायलिसिस आठवड्याला दोनदा-तीनदा, जन्मभर. आणि लघवीची चाचणी वर्षाला एकदा. हिशेब कारकुनालाही कळावा असा आहे.

म्हणून आमच्या युनियनने या वर्षीच्या मागणीपत्रात चार कलमे घातली आहेत. खाण्याची दहा मिनिटे. इन्सुलिन टोचून घ्यायला संडासाऐवजी एक स्वच्छ कोपरा. आजार सांगितला म्हणून कोणाला काढता येणार नाही असा शब्द. आणि वार्षिक तपासणीत अशा कामगाराच्या व त्याच्या मुलांच्या लघवीतील अल्ब्युमिनची, क्रिएटिनिनची आणि डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने. दोन गाळेवाल्यांनी पहिली दोन कलमे मान्य केली आहेत. चौथ्यावर ते म्हणतात, मुलांचे आमच्याकडे काय काम? बोलणी चालू आहेत.

प्रेसवाल्याला अखेर डायलिसिसवर जावे लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी तो जातो. बाकीचे दिवस आमच्या कचेरीत बसतो. त्याने एक वही केली आहे. आमच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे किंवा जे स्वतः इन्सुलिनवर आहेत, अशी अकरा घरे त्या वहीत आहेत. प्रत्येकापुढे लघवी, क्रिएटिनिन, डोळे, रक्तदाब असे रकाने आणि तारखा. रकाना रिकामा राहिला की तो त्या घरी जातो आणि उठत नाही. यंदा त्याने दोन मुलींच्या लघवीत सुरुवातीचे अल्ब्युमिन पकडले. दोघींना डॉक्टरांनी एनालाप्रिल सुरू केले आहे, आणि एकीचे तर सहा महिन्यांत उतरलेही. त्या दिवशी त्याने सगळ्या कचेरीला चहा पाजला, स्वतः मात्र अर्धाच कप घेतला, कारण त्याचे पाणी मोजलेले असते.

आज त्याची डायलिसिसची पाळी नाही. तो मांडवाच्या दाराशी, चपला ठेवल्या आहेत तेथे, वही घेऊन बसला आहे. बाराव्या घरापुढची ओळ त्याने आखून ठेवली आहे.